कांदिवलीचा ट्रॅक्टर आणि आमचे मिस्त्री

शाळेच्या प्रवेश अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. अंधेरी-कुर्ला पट्ट्यातल्या उर्दू शाळांतून दर जून महिन्यात हे अर्ज भरून घेण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे येते. समोर बसलेल्या बाईंना आम्ही विचारतो, ‘मुलाचे वडील काय करतात?’ उत्तर येते, ‘गॅरेजमें हैं’, ‘खराद पे बैठते’, ‘पंप का काम करते’. आम्ही मान हलवतो आणि लिहितो : मजुरी. रकाना लहान असतो, बाहेर रांग मोठी असते आणि ‘मजुरी’ तीन अक्षरांत आटोपते.

वर्षानुवर्षे आम्ही हे लिहीत आलो. २०१९ च्या मे महिन्यात एक जुना ट्रॅक्टर घरच्या अंगणात खोलून पुन्हा बांधण्याची पाळी आमच्यावर आली, तेव्हा कुठे या रकान्याकडे आमचे नीट लक्ष गेले. हा लेख त्या ट्रॅक्टरचा आहे. त्यात कांदिवली येईल, ब्रॅडफर्ड येईल, शिकागोही येईल. इतिहास शिकवणाऱ्याची ती खोडच असते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ट्रॅक्टर आमच्या मामूंचा. बार्शीकडे त्यांची ज्वारी-तुरीची जिराईत जमीन आहे. नानाजानींनी हा ट्रॅक्टर घेतला तोच जुना. गावात सगळे त्याला ‘महिंद्रा’ म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणत आलो. दोन हंगाम तो चिंचेखाली बंद पडून होता. भंगारवाला भाव सांगून गेला होता. मामूंच्या मुलाला तो भाव पसंत होता, मामूंना नव्हता. नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत नाही, भाड्याचा ट्रॅक्टर पाऊस झाल्यावर वेळेवर मिळत नाही आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही. शेवटी असे ठरले की सुट्टीत आम्ही आणि आमच्या धाकट्या भावाने गावी यावे, मिस्त्रीचाचांनी आम्हाला हाताखाली घेऊन काम काढावे, आणि ईदपर्यंत ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर भंगारवाल्याला निरोप धाडावा.

त्या साली पहिला रोजा ७ मे रोजी आला आणि ईद ५ जूनला. म्हणजे पुरा महिना उन्हाचा आणि रोज्यांचा. सहरी करून, फजर पढून आम्ही अंगणात येत असू आणि दहा-साडेदहाला ऊन चढले की हत्यारे आवरून ठेवीत असू.

पहिल्या दिवशी चाचांनी आम्हाला एकाही बोल्टला हात लावू दिला नाही. कसाबसा धक्का मारून इंजिन दोन मिनिटे चालवले आणि म्हणाले, ‘मास्टर, पैले धुवाँ देखो.’ काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जाते आहे किंवा हवा कमी पडते आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल जळतच नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते आहे. आमचा धूर निळा होता. मग त्यांनी लांब पेचकसाचे टोक इंजिनच्या अंगाला टेकवले, मूठ कानाशी लावली आणि डोळे मिटून घेतले. हकीम नाडी पाहतो तसे. थोड्या वेळाने निदान सांगितले : रिंगा गेल्या, लायनर झिजले, नोझल थुंकतात, पंप तपासावा लागेल. क्रँक मात्र ठीक आहे. पुढे इंजिन खोलल्यावर यातला शब्दही चुकीचा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाने रॉकेलच्या चिंधीने सगळे इंजिन पुसून काढले. पुसता पुसता मळाच्या थराखालून पत्र्याची एक पट्टी निघाली. तिच्यावर ‘महिंद्र’ नव्हते. नाव होते ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’, आणि पुढे बी-२७५. आम्ही पाना खाली ठेवला. आमचे खरे काम तिथून सुरू झाले, असे म्हटले तरी चालेल.

ही कंपनी १९६३ साली निघाली. महिंद्र अँड महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास या तिघांची ती भागीदारी होती. कारखाना मुंबईच्या उपनगरात, कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर उभा राहिला आणि १९६५ पासून तिथून बी-२७५ बाहेर पडू लागले. १९७७ साली कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. म्हणजे जुने नाव अंगावर वागवणारा आमचा ट्रॅक्टर त्याच्या आधीचा. ज्या आकुर्ली रोडवरून आम्ही शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी कितीदा गेलो असू, तिथे हा जन्मला होता आणि आम्हाला त्याची खबर नव्हती. आज तिथे मेट्रो सातचे स्थानक आहे, गगनचुंबी इमारती आहेत, लोखंडवाला संकुल आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हा भाग गावठाणांचा, तबेल्यांचा, भातशेतीचा होता. कांदिवली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली तीच मुळी १९५७ साली. हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि शेती मागे हटू लागली. नेमक्या त्याच काळात, जिथली शेती संपत चालली होती तिथे साऱ्या देशाच्या शेतीसाठी ट्रॅक्टर बनू लागला.

महिंद्रच्या नावाचीही एक कहाणी आहे आणि आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी ती ऐकलेली असेल. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी ही कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव महिंद्र अँड मोहम्मद होते. जे. सी. आणि के. सी. महिंद्र हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिसरे. गुलाम मोहम्मद अलीगढचे पदवीधर, हिशेब खात्यातले वाकबगार अधिकारी, काही काळ निजामाच्या हैदराबादचे अर्थमंत्री. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ साली गव्हर्नर जनरल झाले आणि १९५४ साली त्यांनी तिथली घटना समिती बरखास्त करून टाकली. इकडे १९४८ मध्ये कंपनीची पाटी बदलून महिंद्र अँड महिंद्र झाली. आद्याक्षरे तेवढी तीच राहिली.

आमच्या बैठकांतून ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा सांगणाऱ्याच्या आवाजात थोडी हळहळ असते. पाटीवर आपलेही नाव होते, ते गेले! आम्हाला ही हळहळ पटत नाही. ते नाव कोणी खोडले नव्हते. ते गृहस्थ स्वतः उठून एका देशाचे अर्थमंत्री व्हायला गेले. गव्हर्नर जनरलचे नाव इतिहासात राहतेच. त्यासाठी आपण झुरण्याचे कारण नाही. पण त्याच कारखान्यातून निघालेला ट्रॅक्टर पन्नास वर्षे ज्यांच्या हातांनी चालू ठेवला, त्यांची नावे कुठल्या पाटीवर होती? ती कधी लिहिलीच गेली नाहीत, आणि न लिहिणाऱ्यांत आम्हीही होतो.

इंटरनॅशनल हार्वेस्टर या तिसऱ्या भागीदाराचे मूळ शिकागोत. सायरस मॅकॉर्मिक याने १८३१ साली घोड्यांनी ओढायचे कापणीयंत्र तयार केले. त्याच्या घराण्याचा कारखाना आणि इतर काही कंपन्या एकत्र येऊन १९०२ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. आता एक योगायोग पाहा. मे १८८६ मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोच्या कामगारांनी जो लढा दिला, त्यात ३ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात कामगार मेले ते या मॅकॉर्मिक कारखान्याच्याच दारात. दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात निषेध सभा झाली, बाँब फुटला, पुढे फाशा झाल्या. साऱ्या जगाचा कामगार दिन त्यातून निघाला. १ मे हा आपला महाराष्ट्र दिनही आहे. झेंडावंदन उरकून त्या साली आम्ही गावाची गाडी पकडली तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध आपल्या चिंचेखाली उभा आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही ही हकीकत चाचांना सांगितली. ते म्हणाले, ‘आठ घंटे? लोहारकी ड्यूटी सूरज लगाता.’ आणि नट सैल करू लागले.

बी-२७५ हे मॉडेल मात्र अमेरिकेचे नव्हे. हार्वेस्टरच्या विलायतेतल्या शाखेने ते १९५८ साली काढले आणि यॉर्कशरमधील ब्रॅडफर्डच्या कारखान्यात ते बनत असे. कापड गिरण्यांचे हे गाव आपल्या वाचकांना दुसऱ्याच कारणाने माहीत असेल. पंजाब आणि मीरपूरचे हजारो मुस्लिम कामगार याच दशकांत तिथल्या गिरण्यांत रात्रपाळी करायला गेले. चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन, सुमारे ३५ अश्वशक्ती, पुढचे आठ गिअर आणि मागचे दोन. सकाळच्या गारठ्यात आधी हीटर प्लग तापवायचे आणि मग स्टार्टर मारायचा. रचना साधी होती. साधी म्हणजे हलकी नव्हे. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि पान्याने निघतो, अशा अर्थाने साधी. हा साधेपणाच त्याला भारतात इतकी वर्षे जगवू शकला, असे आमचे मत आहे.

आता यामागचा काळ थोडा पाहिला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेले ट्रॅक्टर घेऊन सरकारने मध्य भारतातली कांस गवताने ग्रासलेली जमीन मोकळी करायला घेतली. जागतिक बँकेने १९४९ साली भारताला दिलेले दुसरे कर्ज, एक कोटी डॉलरचे, याच कामाच्या यंत्रांसाठी होते. १९५१ साली साऱ्या देशात मिळून सुमारे ८,५०० ट्रॅक्टर होते. १९६१ साली ते ३१,००० च्या आसपास गेले. तोवर बहुतेक सगळे बाहेरून आलेले. मग देशी कारखाने निघाले. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशर, त्यानंतर मद्रासला टॅफे, आणि कांदिवलीला आमचा हा. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी कर्ज मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. मागणी वाढली, पण माल कुठे होता? पूर्व युरोपातून, रशियातून ट्रॅक्टर मागवावे लागले. १९७१ साली ट्रॅक्टरच्या वाटप-विक्रीवर नियंत्रण आणणारा हुकूम निघाला. आज शोरूममध्ये गेलेल्या शेतकऱ्याला चहा पाजतात. तेव्हा नंबर लावून वाट पाहावी लागे.

या टंचाईचा परिणाम कारखान्यांच्या इतिहासात फारसा दिसत नाही. तो गावच्या गॅरेजात दिसतो. नवा मिळत नाही म्हणून जुना टाकता येत नाही. परदेशी ट्रॅक्टर आला, पण त्याचे सुटे भाग आले नाहीत. मग तो भाग खरादेवर बनवावा लागतो. एका कंपनीचे बेअरिंग दुसरीच्या घरात बसवायला बुश घालावा लागतो. जे काम कारखान्याने करायचे ते असे गावोगावच्या मिस्त्रीकडे आले. विहिरीवरच्या मोटा गेल्या आणि किर्लोस्कर, कूपर यांची ऑइल इंजिने बसली तेव्हा जे लोक इंजिन खोलायला शिकले, तेच पुढे ट्रॅक्टरचे मिस्त्री झाले. आमच्या भागात त्यांत कोणी लोहार, कोणी पांचाळ, कोणी शिकलगार, कोणी पिंजारी. मुसलमान पुष्कळ. शेती थोडी किंवा नाहीच, सरकारी नोकरीची आशा नाही. हातात हुन्नर असला म्हणजे कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, हा हिशेब त्यामागे होता. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की पगारी नोकऱ्यांत मुसलमानांचा वाटा कमी आणि स्वयंरोजगारात इतरांपेक्षा जास्त आहे. आकडा खरा आहे. पण स्वयंरोजगार या कोरड्या शब्दामागे काय काय असते, ते अंगणात बसल्याशिवाय कळत नाही.

मिस्त्रीचाचा बारा वर्षांचे असताना सोलापुरात एका उस्तादाकडे राहिले. पहिले वर्ष फक्त भाग धुण्यात गेले. कुराण ते नाजरा पढतात. मराठी, इंग्रजी वाचता येत नाही. पण मापांचे त्यांचे एक वेगळेच शास्त्र आहे. आमचा हा ट्रॅक्टर इंचांच्या दुनियेतला आणि देशाने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला १९५६ साली. बाजारात पाने मिलिमीटरचे, ट्रॅक्टरचे नट इंचाचे. चाचा दोन्ही मानत नाहीत. ते सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. ‘चार सुती पाना दे’ म्हणजे अर्ध्या इंचाचा. सुतार, गवंडी, लोहार सगळ्यांचे हेच माप आणि त्याला जात-धर्म काही नाही. आम्ही पहिल्या दिवशी तीनदा चुकीचा पाना दिला. वर्गात अपूर्णांक शिकवणारी आम्ही माणसे! धाकट्या भावाला दुसऱ्या दिवशीपासून नुसत्या नजरेने सूत ओळखता येऊ लागले, हे इथे कबूल केले पाहिजे.

हेड उतरवले, पिस्टन वर ओढून काढले, लायनर ठोकून बाहेर घेतले. नवे लायनर बसवताना चाचांनी दोन गोष्टी आमच्याकडून घोकून घेतल्या. रिंगांची तोंडे कधी एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, नाहीतर दाब तिथूनच निसटतो. हेडचे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. एकदम एका बाजूने आवळले तर हेड वाकडे बसते आणि पॅकिंग फुटते. पिस्टन लायनरमध्ये उतरवताना रिंगा दाबून धरणारा पट्टा आमच्याकडे नव्हता. चाचांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तो बनवला आणि तारेने आवळला. फायरिंगचा क्रम ते तस्बीह ओढावी तसे पुटपुटत असत, एक-तीन-चार-दोन, एक-तीन-चार-दोन.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. टाकीतले जुने डिझेल काढायचे तर नळी तोंडाने ओढावी लागते. आम्ही तिघेही रोजेदार. तोंडात डिझेल गेले तर रोज्याचे काय, यावर मामू आणि चाचा यांच्यात चांगला पाव तास मसलत झाली. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरचा मराठा मुलगा आला. ‘चाचा, तुमचा उपास आहे, माझा न्हाई,’ म्हणत त्याने नळी तोंडाला लावली आणि थुंकत थुंकत सगळी टाकी रिकामी करून दिली. पुढचे सगळे दिवस तो आमच्याबरोबर होता, आणि संध्याकाळी इफ्तारच्या खजुरांत त्याचा वाटा ठरलेला असे.

पंप आणि नोझल यांचे काम गावात होण्यासारखे नव्हते. चाचांचा एक शागीर्द कुर्ल्यात पंपाच्या कामावर आहे. सोलापुरातही काम झाले असते, पण चाचांना खात्री त्याच्याच हाताची. मग आम्ही पंप गोणपाटात गुंडाळला, एसटीने आणि रेल्वेने मुंबईला आणला. ज्या कुर्ल्यातून आम्ही रोज शाळेला जातो तिथे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर करून पाहिले. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानेच दुकाने आहेत. तिथून साकीनाक्यापर्यंत गेले की गाळ्यागाळ्यांत खरादा फिरतात, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, कुठे गिअरचे दात कापले जातात. एके काळी या उपनगरात मोठे कारखाने होते. कुर्ल्याला प्रीमियरची फियाट बनत असे, विक्रोळीला गोदरेज, लालबहादूर शास्त्री मार्गाने घाटकोपर-भांडुप-मुलुंडपर्यंत भोंगेच भोंगे. त्यांतले पुष्कळ कारखाने बंद झाले किंवा बाहेर गेले आणि जमिनीवर मॉल, कचेऱ्या, टॉवर आले. गाळ्यांतली कामे मात्र तग धरून आहेत, जागेचे भाडे वाढेल तसतशी आणखी आतल्या गल्लीत सरकत.

त्या शागिर्दाने पंप बाकावर चढवला. चारही नळ्यांतून पडणारे डिझेल काचेच्या नळकांड्यांत मोजून सारखे केले. नोझल एकेक करून दाबाखाली धरले. फवारा धुक्यासारखा उडाला पाहिजे, पिचकारीसारखा नाही. तीन ठीक झाले, एक बदलावे लागले. पैसे विचारले तर म्हणाला, ‘उस्तादका काम है, नोझलके दाम दो, बस.’ निघताना त्याने आम्हाला विचारले, ‘सर, पहचाना नहीं?’ त्याचा मुलगा आमच्याच शाळेत सहावीत होता. त्याचा प्रवेश अर्ज आम्हीच भरला होता. आम्ही काय लिहिले होते हे वाचकांना सांगायला नको.

आपल्या सभा-संमेलनांतून मुसलमानांच्या विज्ञानाचा इतिहास निघाला की अल-जझरीचे नाव हमखास येते. यायलाच हवे. १२०६ साली त्याने यंत्रांवर ग्रंथ लिहिला, पाणी उपसणाऱ्या आणि वेळ दाखवणाऱ्या यंत्रांची चित्रे काढली, प्रत्येक भाग कसा बनवायचा हे नीट सांगितले. तो दरबारी होता हे खरे, पण आधी कारागीर होता. हाताने करून पाहिलेलेच त्याने लिहिले. ते लिहिले म्हणून आठशे वर्षांनी आपण त्याचे नाव घेतो. आमच्या चाचांनी साठ वर्षांत काय काय बनवले त्याचा एक कागद नाही. वक्ता सभागृहात अल-जझरीवर बोलतो, बाहेर आल्यावर त्याची गाडी सुरू होत नाही, आणि तो ओरडतो, ‘अरे, कोणी मेकॅनिकला बोलवा रे!’ हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. तो वक्ता कोण होता हे सांगत नाही, कारण त्या संमेलनात दुसरे भाषण आमचेच होते.

लिहिलेले नसले तरी शब्दांत मात्र बरेच उरले आहे. उर्दू शिकवताना आम्हाला याची सवय असूनही त्या महिन्यात नव्याने नवल वाटले. दुरुस्ती फारसी, मरामत अरबी. जुन्या मराठीत किल्ल्याचीही मरामतच होत असे. कारखाना, कारागीर, पेच, पुर्जा, उस्ताद, शागीर्द हे सगळे फारसीच्या वाटेने आलेले. मिस्त्री हा आमचा वाटणारा शब्द पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्रे’वरून आला. त्यावर इंग्रजीचे पिस्टन, लायनर, नोझल येऊन बसले. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती शेती? जिराईत शब्द अरबी ‘जिराअत’वरून. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत; ज्या ऋतूत पीक हाती येते त्याचे नाव हंगामाला मिळाले. नांगर, कुळव, पाभर, वाफसा आपले इथल्या मातीतले. चाचा एका वाक्यात हे सगळे शब्द वापरतात आणि त्यांना कुठेही सांधा जाणवत नाही. आम्ही मात्र भाषेच्या तासाला हे तुझे, हे माझे करत बसतो.

एकोणतिसाव्या रोज्याला सगळे जुळवून झाले. शेवटचे काम हवा काढण्याचे. डिझेलच्या वाटेत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी इंजिन उचलत नाही. स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचे, फेस येतो तोवर मारायचे आणि नितळ धार आली की स्क्रू बंद. मग हीटर तापवला. पहिल्या स्टार्टरला नुसती घरघर. दुसऱ्याला एक सिलिंडर बोलला. तिसऱ्याला पांढऱ्या धुराचा लोट उठला, अंगणातल्या कोंबड्या पळाल्या आणि चारही सिलिंडर लागले. थोड्या वेळाने धूर विरला. निळा आला नाही. मामू काही बोलले नाहीत. घरात गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. मामूंच्या मुलाने भंगारवाल्याला फोन केला, नको म्हणून.

चाचांच्या हाताखाली पुढे कोण, हा प्रश्न तसाच आहे. त्यांचा मुलगा पुण्यात घरोघर पार्सले पोचवतो. त्याला दोष देता येत नाही. तिथे महिन्याला पैसा येतो. नवे ट्रॅक्टरही आता वेगळे आहेत. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स शिरले. तिथे पेचकस कानाला लावून काही ऐकू येत नाही. कंपनीचा संगणक लावावा लागतो. ही तक्रार आपल्याच देशातली नाही. अमेरिकेत शेतकरी आपला ट्रॅक्टर आपण दुरुस्त करण्याचा हक्क मागत आहेत, कोलोराडो राज्याने २०२३ साली तसा कायदाच केला. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत शेतीची अवजारे होती. हक्क मिळाला तर उत्तमच. पण तो बजावायला हात लागतात.

त्या जूनमध्ये आम्ही पुन्हा अर्ज भरायला बसलो. पहिल्याच दिवशी एका पालकापुढे ‘डिझेल पंप मिस्त्री’ असे लिहिले. अक्षरे रकान्याबाहेर गेली. पुढे माहिती संगणकात भरताना सहकाऱ्याने विचारले, ‘सर, यादीत हा शब्द नाही. मजुरी निवडू की इतर?’ आम्ही ‘इतर’ निवडायला सांगितले आणि कागदावरचे तसेच ठेवले. आठवीच्या मुलांना सांगितले की घरातल्या किंवा वडिलांच्या कामावरच्या दहा हत्यारांची नावे आणि त्यांचा उपयोग लिहून आणा. चाळीस वह्या आल्या. एकाच पान्याची पाच स्पेलिंगे होती. एका मुलीने लिहिले होते की तिच्या अब्बांच्या गाळ्यात कानस असते आणि तिच्या आवाजावरून लोखंड कच्चे की पक्के ते समजते. त्या वह्या आम्ही परत दिल्या नाहीत, झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. कधीतरी चाचांना गाठून त्यांची हकीकत याच पद्धतीने लिहून घ्यायची आहे. त्यांची नजर आता अधू झाली आहे, तेव्हा लवकरच गेले पाहिजे.

ट्रॅक्टरच्या मागच्या अॅक्सलचे एक ऑइल सील मात्र अजून गळते. मामूंचा फोन आला की खुशालीच्या आधी त्याचीच चौकशी असते. बाजारात मिळते ते मिलिमीटरचे, आणि आमचे आहे सुताचे.